मोटर दमत नाही

मोबाईल खिशात घाल आधी. हां. आता ऐका, आणि मध्ये कुणी दात काढायचे नाहीत.

आपला भोसरीचा रोहिदास. कंपनीत त्याच्या लेथ मशीनशेजारी मी सहा वर्षं काढलीत. खोटं बोलायची त्याला अक्कलच नाही, म्हणून सांगतो. जुन्या दुर्बिणींना मोटर आणि कंप्युटर बसवून द्यायचा त्याला भारी नाद. पंचवीस सालची एकोणतीस जानेवारी, बुधवार, पौषातली अमावास्या. संध्याकाळी सातला तो मोटर घेऊन रहाटणीत आबाजींकडे गेला. आबाजी म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क.

त्यांच्या गच्चीवर दुर्बिणीची इंग्रजांच्या काळातली बैठक होती, पितळी दातेरी चाकांची. पृथ्वी फिरते, तारा सरकतो, म्हणून त्या बैठकीचं हँडल सारखं हळूहळू फिरवत बसावं लागे. तेवीस वर्षं ते फिरवलं त्यांच्या बायकोनं, नीलाकाकूंनी. डोळा लावायचे फक्त आबाजी. बाईला एकदासुद्धा आत बघू दिलं नाही, राव! काच खराब होते म्हणे.

हॉलमध्ये एक फोटो लावलेला होता. मृग नक्षत्र, दुर्बिणीला कॅमेरा लावून चाळीस मिनिटं उघडा ठेवून काढलेला. एकेक तारा टाचणीच्या टोकाएवढा.

"हा काढतानाच गेली ती," आबाजी म्हणाले. "छातीत दुखतंय म्हणत होती. मी म्हटलं, दहाच मिनिटं राहिलीत. हात थांबला असता तर सगळे तारे फरफटले असते."

रोहिदासच्या हातातला चहा तसाच राहिला.

"अजून लोक म्हणतात, फोटो नीलाताईंमुळे आला. आज याहून चांगला काढतो. मोटर दमत नाही, कण्हत नाही. हा फोटो माझा एकट्याचा."

रोहिदासला अशी चीड आली की सामान उचलून निघावं. पण हातातलं काम अर्धवट टाकायची सवय नाही माणसाला. त्यानं हँडल काढून कठड्यावर ठेवलं, मोटर चढवली. अकरा वाजून दहा मिनिटांनी आबाजींनी फोटो सुरू केला.

लॅपटॉपवर तारा जागचा हलत नव्हता. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. थंडी मरणाची. रोहिदासनं जॅकेटच्या खिशात हात घातला...

मोटरची वायर खिशातच होती. जोडलीच नव्हती.

त्यानं टॉर्च मारला. चाक फिरत होतं. हळू. सवयीनं.

"काका... मोटर बंद आहे."

"तारा सरकला का?"

"नाही, पण..."

"मग गप उभा राहा."

आणि चाक थांबलं.

तारा पडद्याच्या कडेला घसरायला लागला. "अरे, अरे!" करत आबाजींनी मोटर ओढून काढली, कठड्यावरचं हँडल उचललं, बसवलं, स्वतःच फिरवायला लागले. तारा सावरला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. फोटो संपला.

"काका, झालं. सोडा आता."

आबाजींचा हात फिरतच होता.

"काका..."

"सुटत नाही रे..."

रोहिदासनं त्यांचा हात धरून ओढला. त्या हातावर आधीच एक हात होता. दिसत नव्हता. बोटं लागत होती... बारीक. गार.

तो पळाला. मीही पळालो असतो. जिन्यात त्याला म्हाताऱ्याचं रडणं ऐकू येत होतं. "दमलो गं... सोड... छातीत दुखतंय..."

वर फक्त चाकाचा आवाज...

पहाटे तो शेजाऱ्यांना घेऊन वर गेला. आबाजी जिवंत होते. हँडल सुटलं होतं, मूठ मात्र उघडत नव्हती. दवाखान्यात डॉक्टर भाग्यश्रीताईंनी एकेक बोट सोडवलं. तळहातावर घट्टा. पिवळा, दगडासारखा, जुना. एका रात्रीत फोड येतात रे पोरांनो, घट्टा येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "काका, कंपनीत कुठल्या मशीनवर होतात तुम्ही?"