मांजरांची हजेरी

त्या बोक्याला हाकलू नका, बसू दे कठड्यावर. आणि तो कोपऱ्यात एकटक काय बघतोय ते तुम्हीही बघत बसू नका. मांजरांना रात्री आपल्यापेक्षा जास्त कामं असतात. पाय वर घेऊन बसा, मधेमधे बोलू नका. माझी गाडी एकदा अडली की पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो.

ही गोष्ट ज्याच्यावर बेतली, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माझ्याच हाताखाली तयार झालेला. थापा मारायला जे डोकं लागतं ते त्याला देवाने दिलंच नव्हतं. लिफ्ट का अडकली असं विचारलं तर ‘अडकली’ एवढंच सांगायचा. असा माणूस भुताची गोष्ट रचणार कुठून?

आमच्या धंद्याची एक गंमत आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबी कायम जिनाच असतो. चालू लिफ्टसाठी आम्हाला बोलावतो कोण? त्यामुळे दिवसभर सगळ्या गावाचे मजले चढून हा संध्याकाळी आईकडे दवाखान्यात जायचा, आणि तिथली लिफ्ट नुसती पेशंटसाठी. म्हणजे पुन्हा चार मजले. महिनाभर असं चाललं होतं. माणूस पार पिळून निघाला होता.

गेल्या जानेवारीतली ही गोष्ट. मंगळवार संपून बुधवार लागत होता. आकाशात चांगला चंद्र होता, अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याची आई शाळेत बाई होती, लहान मुलांना शिकवायची. निवृत्त झाली तरी बाईपणा सुटला नव्हता. घरात तीन मांजरं. पिवळ्या बोक्याचं नाव हेडमास्तर, कारण तो काही न करता नुसता सगळीकडे फिरून बघायचा. काळी ती चोंबडी. आणि पांढरा म्हातारा बोका तो पेन्शनर. बाई बाहेरून आल्या की दारातच उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “हजेरी.” मग तिघं रांगेने यायचे. आधी हेडमास्तर, मग चोंबडी, शेवटी रडतखडत पेन्शनर. प्रत्येकाने पायाला अंग घासून एक फेरी मारली की बाई आत पाऊल टाकायच्या. त्याआधी नाही. पाऊस असो, हातात ओझं असो, मागे मुलगा ताटकळत उभा असो. “आई, मी पण घरचाच आहे,” असं तो म्हणायचा. त्यावर बाई म्हणायच्या, “तुझं नाव शेवटी आहे. थांब.”

रात्री मात्र ही शाळा सुटलेली असायची. दिवसभर लोळून झालं की दिवे मालवल्यावर यांची शर्यत सुरू. कपाटावरून पलंगावर, पलंगावरून माणसाच्या पोटावर. चोंबडीला टेबलाच्या कडेचा पेला आपल्या डोळ्याला डोळा भिडवून खाली ढकलायची खोड. पेन्शनर मध्यरात्री रिकाम्या भिंतीकडे तोंड करून गळा काढायचा. आणि अंधारात माणूस उठलं की पायात घोटाळायचं, हे तर तिघांचंही व्रत. त्यातच बाई पडल्या. पाणी प्यायला उठल्या, चोंबडी पायात आली, आणि खुबा मोडला. तशा पडल्या पडल्या म्हणाल्या, “तिला कोणी बोलू नका. माझाच पाय मधे आला.”

खुब्याचं निस्तरलं, तर छातीत कफ साठला. महिनाभर त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता. बोलणंही कमी होत गेलं. पण मुलगा दिसला की एक वाक्य ठरलेलं असायचं.

“मला एकदा घरी ने रे. ती तिघं वाट बघत असतील. न सांगता आले मी.”

हा म्हणायचा, “उद्या नेतो.”

डॉक्टरांनी त्याला बाहेर घेऊन सांगितलं होतं की घरी न्यायचं मनात आणू नका, आता सगळं दिवसांवर आलंय. तरी हा रोज ‘उद्या’ म्हणायचा. दुसरं म्हणणार काय? आई त्या उद्याच्या आधी जाईल आणि आपलं खोटं तेवढं मागे राहील, या एका विचाराने तो आतून कुरतडला जात होता.

त्या रात्री पाळी ताईची होती. थोरली बहीण. तिने याला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं.

“घरी जा. मांजरांना घाल आणि आज तरी झोप. डोळे बघ तुझे.”

“तू एकटी...”

“एकटी कुठली? आई आहे की. येताना सकाळी तिचा चष्मा आण, घरीच राहिलाय.”

एवढंच काम होतं. मांजरांना खायला घालायचं, झोपायचं, सकाळी चष्मा न्यायचा.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. याने कुलूप काढलं. तिघं दारात आले आणि रोजच्यासारखं याच्याकडे न बघता याच्या मागे बघितलं. मागे कोणी नाही म्हटल्यावर पाठ फिरवून आत गेले. महिनाभर रोज हेच. तो मला म्हणाला, “साहेब, मी दमून घरी जायचो आणि तीन मांजरं मला दारातच नापास करायची.” हसत म्हणाला, पण ते त्याला लागलं होतं.

त्याने वाट्या भरल्या. दाराला आतून कडी घातली. फोन दाराजवळच्या फळीवर चार्जिंगला लावला. आतल्या खोलीत आईचा पलंग होता, तिथे त्याला झोपवेना, म्हणून बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली. बूट काढायचंही त्राण नव्हतं. तसाच आडवा झाला.

शर्यत सुरू झाली. धाडधाड कपाटावर, धाडधाड खाली. एकदा त्याच्या पोटावरून कोणीतरी गेलं. आत पेला फुटला. त्याने डोळे उघडले नाहीत. फुटू दे म्हणाला.

आणि मग सगळं थांबलं.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की. पण ज्याच्या घरात मांजरं आहेत त्याला विचारा. ती हळूहळू शांत होतात. एक जण बसतं, मग दुसरं, मग कुणीतरी अंग चाटायला लागतं. हे तसं नव्हतं. कोणीतरी वर्गात शिरल्यावर पोरं गप्प होतात, तसं झालं.

त्याने डोळे उघडले. खिडकीतून चांदणं आत आलं होतं. फळीवरचं घड्याळ दोनला आलं होतं.

तिघं दारापाशी होते. रांगेत. शेपट्या उभ्या.

दार बंद होतं. कडी जागेवर.

हेडमास्तर पुढे झाला. दारापासून हातभर अलीकडे मान तिरकी केली आणि अंग घासलं.

कशाला... ते दिसत नव्हतं. तिथे काही नव्हतंच.

मोकळ्या हवेला मांजर अंग घासत नाही. तोल जातो. हेडमास्तरचा गेला नाही. त्याला कशाचातरी आधार होता. कुशीचे केस दबले होते. याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पायाला टेकून दबतात ना, तस्से. मग बोका वळला. पाठीमागून फिरला. पुन्हा पुढे आला. एक फेरी पूर्ण.

मग चोंबडी.

मग पेन्शनर. रडतखडत.

हा सतरंजीवर तसाच पडून होता. उठता येईना. ओरडता येईना. मनात एकच... गेली. आई गेली. आणि घरी आली.

आणि त्याच्यामागून, त्याने न बोलावता, दुसरा विचार आला. आता उद्या चार मजले चढायचे नाहीत. आता ‘उद्या’ म्हणायचं नाही. सुटली बिचारी. सुटलो. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मान खाली होती. मी म्हटलं, अरे, दमलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं, त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

शेवटची फेरी झाली. तिघंही वळले आणि चालायला लागले. सावकाश. एरवी मांजरं पुढे पळतात, ती आजूबाजूला चालत होती. दोन पावलं टाकायची, थांबायचं. दोन पावलं... थांबायचं. आजारी माणसाबरोबर चालतात तसं. हेडमास्तर मान वर करून कुणाच्यातरी तोंडाकडे बघत होता.

सतरंजीजवळ आले.

थांबले.

तिघांनी एकदम याच्याकडे बघितलं. आणि त्यांच्या मधे जी मोकळी जागा होती... तिथूनही कोणीतरी बघत होतं, असं याला वाटलं.

याने डोळे गच्च मिटले. तो तेवढंच म्हणाला. “मी मिटले, साहेब.” आईकडे बघायला नको म्हणून डोळे मिटले, याचं त्याला अजून वाईट वाटतं.

...

उघडले तेव्हा खोली रिकामी होती. आतल्या खोलीतून गुरगुर ऐकू येत होती. तिघांची मिळून.

कसाबसा भिंत धरत उठला. आत डोकावला. आईच्या पलंगावर एक उशाला, एक कुशीला, एक पायथ्याशी. मधे माणसाएवढी जागा सोडलेली. महिनाभरात तिघांपैकी कोणी पलंगाकडे फिरकलं नव्हतं.

याने दाराजवळून फोन ओढला आणि ताईला लावला. रिंग वाजत राहिली. मग ताईने उचलला.

“काय रे?” आवाज झोपेतला.

“आई...”

“झोपलीये.”

“श्वास बघ.”

“काय झालंय तुला?”

“ताई, तू बघ.”

उशाशी काहीतरी सरकवल्याचा आवाज. इकडे गुरगुर चालूच.

“चालू आहे श्वास,” ताई म्हणाली. “चांगला चालू आहे. महिन्यात इतकी गाढ झोपली नव्हती. हातपाय तेवढे गार पडलेत. पांघरूण घालते. तू झोप आता.”

याने फोन ठेवला. पलंगाकडे बघितलं. आई तिकडे दवाखान्यात झोपली होती, जिवंत होती. मग ही मधली जागा...

तो बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला. पहाटे कधीतरी बसल्या जागी डोळा लागला. जागा झाला तेव्हा ऊन आलं होतं आणि चोंबडी वाटी चाटत होती. चष्मा खिशात टाकून तो निघाला. पेल्याच्या काचाही तशाच राहिल्या.

चौथ्या मजल्यावर पोचला तेव्हा आई जागी होती. चेहरा उतरला होता, पण नजर स्वच्छ होती. याने चष्मा लावून दिला आणि वाट बघत उभा राहिला, त्या ठरलेल्या वाक्याची. ‘उद्या’ ओठांवर तयारच होतं.

आई ते वाक्य म्हणालीच नाही. याच्याकडे बघून म्हणाली, “बूट घालून झोपू नये रे. पाय सुजतात.”

ताईला त्यातलं काही कळलं नाही. तिला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं. “आज घरी ने म्हणाली नाहीस, आई?”

“नको आता. झालं ते,” असं म्हणून आईने डोळे मिटले.

तेवढ्यात अंग पुसायला दवाखान्यातल्या मावशी आल्या. घमेल्यात कोमट पाणी होतं. त्यांनी पायावरची चादर वर केली आणि थांबल्या.

“रात्री आजींना चालवलंत का तुम्ही? आम्हाला विचारायचं तरी.”

“चालवणार कसं?” ताई म्हणाली. “कूससुद्धा दोघी मिळून बदलतो आपण. रात्रभर मी इथेच आहे.”

मावशींनी नुसतं बोट दाखवलं.

दोन्ही तळवे धुळीने काळे झाले होते. घरात महिनाभर केर कोणी काढला नव्हता, तसली मऊ घरगुती धूळ. आणि धुळीत चिकटलेले बारीक केस. पिवळे, काळे, पांढरे.

ताई त्या तळव्यांकडे बघतच राहिली. मावशींनी एक तळवा पुसला. दुसऱ्याला हात लावणार तोच याने त्यांच्या हातातून फडकं घेतलं. “हा मी पुसतो,” म्हणाला. टाचेपासून बोटांपर्यंत हळूहळू पुसत गेला. त्याचे डोळे वाहत होते, आणि म्हातारी, डोळे मिटलेलेच, गुदगुल्या होतात म्हणून पाय मागे घेत होती.