दुफीआईचं मातीचं शिर

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. आमच्याच घराण्यात घडलेली गोष्ट आहे, इथल्या क्वाहूच्या डोंगरातली, माझ्या पणजीच्या पणजीच्या वेळची. कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. आणि जे झालं ते रात्री नाही, भर दुपारी झालं.

गावची राणीआई, म्हणजे कुळातली सगळ्यात मानाची बाई, दुफी वारली होती. तिचं मातीचं शिर घडवायचं काम तिच्या भाचीकडे, बिरागोकडे आलं.

आमच्यात मेलेल्याचा चेहरा पाण्याच्या थाळ्यात बघून घडवतात. बघत बसायचं, चेहरा वर येतो. जिवंत माणसाकडे बघून मात्र कधीच घडवायचा नाही.

बिरागो पाण्यात बघत बसली.

काहीच आलं नाही...

शिर मांडायच्या विधीचा दिवस तोंडावर आला. अख्ख्या कुळासमोर नाचक्की होणार, या भीतीनं तिला घेरलं. आणि तिची लेक कोनाडू तर थेट दुफीआईच्या वळणावर गेलेली. तेच कपाळ, तेच डोळे.

"कोनाडू, जरा समोर बस गं."

"आई, पाण्यात बघायचं असतं ना?"

"मला शिकवू नकोस. हनुवटी वर कर."

शिर सुरेख झालं. भाजल्यावरही कुठे तडा नाही. सगळ्या कुळानं ते रानाच्या कडेला, जुन्या शिरांच्या ओळीत नेऊन ठेवलं. तिथेच तीन दगडांची चूल मांडून कंद शिजवला, पामतेलात कुस्करला, वर उकडलेलं अंडं ठेवलं. कुळातले थोरले मामा पुढे झाले.

"दुफी, जेवून घे."

"जेवते..." मागून आवाज आला.

सगळे वळले. कोनाडू बोलली होती.

"ए, तुला कुणी विचारलंय?" मामा खेकसले. बायका खुदखुदल्या. कोनाडू मात्र गोंधळून बघत राहिली. आपण बोललो, हेच तिला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर ती जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली.

तिच्या ओठांवर पामतेल चमकत होतं...

दुसऱ्या दिवसापासून उलटंच सुरू झालं. ती पातेलंभर जेवायची, हात धुवायची आणि म्हणायची, "आई, भूक लागलीय."

पोर वाळत चालली.

एका दुपारी बिरागो एकटीच रानाच्या कडेला गेली. किड्यांची किरकिर नाही... पाखरू नाही... पानसुद्धा हलत नव्हतं. सगळ्या शिरांवर धुळीचा थर बसला होता.

एकावर नव्हता.

त्याचे गाल आत गेले होते. असे गाल तिनं घडवले नव्हते.

सोबत आणलेला कुस्करलेला कंद तिनं त्याच्यापुढे ठेवला. घरी आली तर कोनाडू उठून बसलेली.

"आज पोटभर जेवले गं आई."

बिरागोनं मामांचे पाय धरले. "मला ते शिर फोडू द्या."

"फोड की," मामा म्हणाले. "पण फुटेल ती नुसती मातीच असेल, याची खात्री देतेस?"

ती रडत परतली. स्वतःच्याच हातानं घडवलेलं तिला मोडता येईना. मग ती रोज वाढायला जाऊ लागली. वर्षं गेली, केस पिकले. कोनाडू मात्र होती तेवढीच राहिली... मरताना बिरागोनं एवढंच विचारलं, "माझ्यामागं माझ्या पोरीला कोण वाढणार?"

तेव्हापासून घरातली एक बाई रोज तिथे जाते. आता ती पाळी माझी आहे आणि माझे गुडघे साथ देत नाहीत. परवा लेक म्हणाली, "आई, एक दिवस नाही गेलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

काल मला खरंच उठता आलं नाही, जाणं राहिलं.

कोनाडू असते त्या आतल्या खोलीत आम्ही कुणी डोकावत नाही. पण काल दिवसभर तिथून आवाज येत होता...

रिकाम्या वाडग्यात बोट फिरवल्याचा.