वाळूच्या पोत्यांचे सात दिवस

या, असे जवळ येऊन बसा. झांजा थोड्या बाजूला ठेवा, आधी गोष्ट ऐका. आपल्या बेंगळुरातल्या एका कारखान्याच्या पहिल्यावहिल्या लिफ्टची गोष्ट... आणि दोन जीवांची.

शलाका पीण्या औद्योगिक वसाहतीत एका मोठ्या लिफ्ट कंपनीचा पत्ता शोधत होती. चुकून शिरली ती एका पत्र्याच्या शेडमध्ये. आत एक तरुण विजेच्या मोटारीला तांब्याची तार गुंडाळत बसला होता.

"स्वल्प थांबा अक्का, फेरे मोजतोय."

"अक्का? तुमच्याहून लहान असेन मी!"

तो हसला... आणि आकडा चुकला. "झालं! आता पहिल्यापासून. तुमच्यामुळं!"

"मग मी मोजते. तुम्ही गुंडाळा."

हा श्रीवत्स. घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. आजवर मोटारी दुरुस्त करायचा. आता बाहेर नवी पाटी लावली होती, आईच्या नावाची – 'वसुमती लिफ्ट्स'. लिफ्ट मात्र अजून एकही बनली नव्हती.

शलाकाला हवी होती एकच. तिचे बाबा, पद्माकरराव, सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनियर. गुडघे गेल्यामुळं दोन वर्षं चामराजपेटेत तिसऱ्या मजल्यावर अडकलेले. खालच्या देवळात कीर्तन रंगायचं. वर यायच्या फक्त झांजा, शब्द नाही. मोठ्या कंपन्या म्हणाल्या, "जागा पुरत नाही."

श्रीवत्स तीनदा मापं घ्यायला आला. तिसऱ्यांदा घ्यायची गरज नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चार महिन्यांत लिफ्ट उभी राहिली. पण त्याचा नियम होता – चाचणीचे सात दिवस वर-खाली जातील ती फक्त वाळूची पोती. माणूस नाही. रामनवमी आली नेमकी पाचव्या दिवशी.

"अरे, पोत्यापेक्षा मी हलका आहे," पद्माकरराव म्हणाले.

श्रीवत्सची मान खाली गेली. "दोनच दिवस, काका..."

"सरी, ठीक आहे. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं."

त्या संध्याकाळी ते खिडकीशी कान लावून बसले. सहाव्या दिवशी सकाळी उठलेच नाहीत.

लिफ्टमध्ये आडवा माणूस मावत नव्हता. ते जिन्यानं गेले. एक खांदा श्रीवत्सचा होता.

तेरावं झाल्यावर तो दारात येऊन उभा राहिला. "चुकलो मी, शलाका..."

"चुकला असतात, तर बरं झालं असतं. भांडले असते, विसरले असते. तुम्ही बरोबर होतात... आणि मला तुम्हीच हवे आहात. हे दोन्ही मी एकटीनं कसं सोसू?"

त्यानं लिफ्टचं दार उघडलं. तिनं मान हलवली. "बाबा जिन्यानं गेले."

त्यानं दार लावून घेतलं. आणि तो लिफ्टवाला तिचा हात धरून, पायरी पायरीनं, तीन मजले खाली उतरला... थेट देवळापर्यंत.

मंडळी, तुमच्या गावच्या देवळात कीर्तन उभं राहील, तेव्हा एवढंच करा – पद्माकररावांची आठवण ठेवा, आणि आपल्या शेजारी त्यांच्यापुरती जागा धरून ठेवा.