फाटकापाशी एकटा

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी," उना प्रिंगल म्हणाली. "आणि तो असं करणारा नाही, हेही मला ठाऊक आहे. दोन्ही खरं आहे. कसं, ते तुम्ही शोधून द्या."

टिमारूच्या बंदराजवळच्या त्या लहानशा कचेरीत ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. साठीची, काटक बाई. आल्या आल्या तिने पडदा ओढून घ्यायला सांगितलं होतं, कारण उजेड तिला सोसत नव्हता. डेस लेंगने पडदा ओढला आणि चहा ठेवला. जन्मभर दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला डेस आता हिनेवाई टिपाची गाडी चालवायचा आणि तिच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज बांधायचा. गाडी तो चांगली चालवायचा.

हिनेवाई पूर्वी पोलिसात होती, आता खासगी तपासाची कामं घ्यायची. समोरचा माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, एवढं एक तिने तिथून बरोबर आणलं होतं. ती ऐकत राहिली.

उनाची हकीकत अशी. जेराल्डीन गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर. शेजारी ग्रॅम हौल्टचं मेंढ्यांचं कुरण. हौल्टची वाळल्या गवताची शेड उनाच्या मागच्या व्हरांड्यातून सरळ समोर दिसते. दोन आठवड्यांपूर्वी, वायव्येचा गरम वारा सुटलेला असताना, ती शेड पेटली. गवताच्या थप्पीवर वॉटी नावाचा हौल्टचा म्हातारा गडी पाठ दुखते म्हणून आडवा झाला होता. तो आत आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो गेला.

आग लागण्याच्या जरा आधी उनाने शेडमधून एकाला बाहेर पडताना पाहिलं होतं. तो होता लॅची, तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. लहानपणापासून उनानेच त्याला वाढवला होता.

लॅचीचं म्हणणं होतं की हौल्टचा मुलगा ब्लेअर त्याच्याबरोबर होता. ब्लेअर आत सिगारेट ओढत होता, मग दोघं मिळून बाहेर पडले. ब्लेअर म्हणत होता की तो तिथं नव्हताच. पोलिसांनी उनाला विचारलं, आणि उनाने जे दिसलं ते सांगितलं. लॅची फाटकापर्यंत एकटा आला.

"एकटाच होता?" हिनेवाईने विचारलं.

"एकटाच. मी त्याच्याकडेच पाहत होते. तोंड माझ्या डावीकडे वळवून हातवारे करत येत होता, स्वतःशीच बोलल्यासारखा. तेही सांगितलं मी." तिने कपाळ चोळलं. "हौल्टने आदल्या आठवड्यात लॅचीचा कुत्रा मेंढ्यांच्या मागे लागला म्हणून गोळी घालून मारला होता. पोलिसांना वाटतं, त्याचं डोकं फिरलं होतं. मी खोटं बोलले असते तर पोर सुटलं असतं. मला जमलं नाही."

ती गेल्यावर डेस म्हणाला, "सरळ आहे की. मुलगा खोटं बोलतोय."

"किंवा ब्लेअर खोटं बोलतोय," हिनेवाई म्हणाली.

"मग ही बाई खोटं बोलतेय असं होईल."

"नाही. ही खरंच बोलतेय. तिथंच घोडं अडलंय."

दुसऱ्या दिवशी ते उनाच्या घरी गेले. व्हरांड्यातून शेडचे काळे खांब दिसत होते. तिथून एक पायवाट उतरत सरळ घराच्या दिशेने फाटकाशी येत होती. बाजूला मॅक्रोकार्पाच्या दाट झाडांची रांग होती. मध्ये काहीच आड येत नव्हतं. डेसने चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. फाटकावरचा पक्षीसुद्धा दिसत होता.

उना आत पडून होती, म्हणून पहिली गाठ पडली ती तिची नणंद नोलीन हिच्याशी. दोघी विधवा, एकत्र राहायच्या. नोलीनला बोलायला माणूस हवाच होता. उनाची अर्धशिशी म्हणजे या घरातलं तिसरं माणूस, असं ती म्हणाली. त्याच्या लहरीप्रमाणे जेवणं व्हायची, पडदे उघडायचे, पाहुणे परत जायचे. वायव्येचा वारा सुटला, की आलीच. लाल वाइन घेतली, जुनं चीज खाल्लं, झोप मोडली, तरी तेच. उपाय तरी किती केले. मानेवर थंड फडकं, पाय कढत पाण्यात, काळी कॉफी, आलं. डॉक्टरांची गोळी लागू पडते, पण ती दुखणं चढायच्या आत पोटात गेली तर.

"आगीच्या दिवशीही दुखत होतं का?"

"दुपारी दुखायला लागलं, आगीचा बंब येऊन गेल्यावर. धुरानं आणि धसक्यानं, दुसरं काय. पण सकाळपासूनच हिचं ध्यान नव्हतं. आग लागायच्या आधीची गोष्ट सांगते. केटलीच्या डाव्या अंगाला रोजच्या जागी दुधाचा जग होता, तो धडकून फोडला. ताटात अर्धं अंडं आणि अर्धा टोस्ट तसाच टाकला. ही बाई कधी ताटात कण ठेवत नाही. मी म्हटलं, अगं हे कुणी खायचं? तर म्हणते, कुठंय?"

"कुठल्या बाजूचं अर्धं?"

नोलीन हसली. "तुम्ही पण काय विचारता. डावीकडचं, मला वाटतं."

उना उठून आली तेव्हा दाराच्या चौकटीशी डेसला तिच्या बाहीखाली पिवळा पडत चाललेला वळ दिसला. डावा खांदा. त्याच सकाळी चौकटीला आपटला, असं तिने ओशाळून सांगितलं.

"लॅची दिसला तेव्हा डोकं कसं होतं?" हिनेवाईने विचारलं.

"स्वच्छ. जराही ठणका नव्हता. ते पोलिसांनीही विचारलं होतं. माझी अर्धशिशी सांगून येत नाही. काहींना आधी दिवे, रेघा दिसतात म्हणे. मला तसलं काही नाही."

लॅची जामिनावर नदीपलीकडच्या एका लोकर कातरणाऱ्यांच्या खोलीत राहत होता. मावशीला भेटायची त्याला बंदी होती. लाल केसांचा, रुंद खांद्यांचा पोरगा, पण बोलताना जमिनीकडे पाहायचा. त्याची गोष्ट बदलली नव्हती. ब्लेअरला गवत भरायला मदत केली. कुत्र्याचा राग बापावर होता, मुलावर नव्हता. ब्लेअरने सिगारेट पेटवली तेव्हा आपण त्याला हटकलं. मग बोलत बोलत दोघं फाटकापर्यंत आलो, तिथून ब्लेअर झाडांच्या मागे गेला, मी गाडीकडे.

"काय बोलत होतात?"

"नेल्सन बंदरात मासेमारीच्या बोटीवर मला काम मिळालं होतं. त्याच सकाळी, बूट घालत असताना फोन आला. सोमवारी निघायचं होतं. मावशीला कसं सांगू कळत नव्हतं. तिला एकटीला टाकून जायचं, म्हणून. ब्लेअरला म्हटलं, तू असतास तर काय केलं असतंस?"

"आणि कुणाला सांगितलंस?"

"लगेच धूर दिसला. त्यानंतर नेल्सन डोक्यात तरी कुणाच्या? पोलिसांनासुद्धा नाही सांगितलं. ते म्हणाले असते, पळून चालला होता." मग त्याने मान वर केली. "मावशी मुद्दाम नाही करत हो. तिला कुणी बोलू नका."

हौल्टच्या घरी सगळी उत्तरं बापच देत होता. ब्लेअर सकाळभर माझ्याबरोबर वरच्या कुरणात होता, ग्रॅम हौल्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. धूर दिसला तेव्हा दोघं बरोबरच खाली धावलो. वॉटी माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस, असं म्हणताना त्याचा आवाज खरोखरच फाटला. ब्लेअर विशीतला, किडकिडीत. तो खुर्चीच्या कडेवर बसून होता. निघताना हिनेवाईने त्याला सहज म्हटलं, की लॅची तुझा मित्र होता ना.

"होता," ब्लेअर म्हणाला. "नाहीतरी सोमवारी नेल्सनला बोटीवर चाललाच होता. जाता जाता काडी लावून गेला."

बापाने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग दार उघडून धरलं.

गाडीत बसल्यावर हिनेवाईने विचारलं, "वारा पुन्हा कधी सुटणार आहे, बघ जरा."

"शुक्रवारी. का?"

"शुक्रवारी पुन्हा यायचं. पण आधी त्या बाईला विचारायला हवं, आणि विचारायला मला बरं वाटत नाहीये."

ती उनाला म्हणाली, की शुक्रवारी दुखणं येऊ द्या. गोळी घेऊ नका. येण्यासाठी जे जे करता येईल ते करा. यातून काय निघेल ते मी आधी सांगणार नाही, कारण सांगितलं तर त्याचा उपयोग राहणार नाही.

जन्मभर ज्या अर्धशिशीपासून उना पळत आली होती, तिलाच बोलावणं धाडायचं होतं.

"लॅचीसाठी?"

"लॅचीसाठी."

"बरं," ती म्हणाली. नोलीन मात्र संतापली. गुरुवारी रात्री उनाने वाइनचा ग्लास आणि जुन्या चीजचा तुकडा समोर घेतला, आणि झोपायचं नाही म्हणून खुर्चीत बसून राहिली, तेव्हा नोलीन तिच्याशी बोललीच नाही. पण तीही जागी राहिली.

शुक्रवारी सकाळी डोंगरावर ढगांची कमान चढली आणि वारा आला. कोरडा, भट्टीतून आल्यासारखा. व्हरांड्यात उना, तिच्या शेजारी हिनेवाई, मागे डेस. हिनेवाईच्या सांगण्यावरून या आगीचा तपास करणारा सार्जंट बेन्सही आला होता. त्यानेच हौल्ट बापलेकांना बोलावून घेतलं होतं. बेन्स भला माणूस होता, पण आपला वेळ फुकट चाललाय हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

उना जांभया देत होती. मग तिने चहाचा कप ठेवायला हात नेला, आणि कप टेबलाच्या डाव्या कडेवरून खाली गेला. ती गोंधळून तुकड्यांकडे पाहू लागली.

"डोकं दुखतंय?" हिनेवाईने विचारलं.

"अजिबात नाही."

हिनेवाईने ब्लेअर आणि नोलीनला उनाला ऐकू जाणार नाही इतकं बाजूला नेलं. "ब्लेअर," ती हळूच म्हणाली, "तू आणि नोलीनबाई शेडपाशी जा आणि फाटकाकडे चालत या. नोलीनबाई, इकडून पाहताना तो तुमच्या डावीकडे दिसेल असं चाला."

दोघं गेली. वाऱ्याने नोलीनचा झगा फडफडत होता. वळून ती पायवाट उतरू लागली, तिच्याशेजारी ब्लेअर, खिशात हात घालून.

"उनाबाई, फक्त नोलीनकडे पाहा. कोण कोण येतंय?"

"नोलीन," उना म्हणाली.

"आणखी?"

"एकटीच आहे. का, कुणी यायचंय का?"

डेसने पुन्हा चष्मा काढून पाहिलं. ब्लेअर तिथं होता. नोलीनपासून हातभर अंतरावर.

"आता मान डावीकडे वळवा."

उनाने मान वळवली. तिचा हात तोंडाशी गेला. "हा आत्ता कुठून आला?"

नोलीन आणि ब्लेअर पायऱ्यांशी आले तेव्हा हिनेवाईने उनाचा हात हातात घेतला होता. ती बोलू लागली ती सार्जंटशी, पण हळू, उनाला कळेल अशी.

"यांची अर्धशिशी सांगून येते. फक्त यांना ते ऐकू येत नाही. ठणका सुरू होण्याआधी काही वेळ यांची डावीकडची अर्धी नजर जाते. दिवे नाहीत, रेघा नाहीत, अंधारसुद्धा नाही. तिकडचं जग असल्याची जाणीवच राहत नाही. म्हणून डावीकडचा दुधाचा जग फुटला, डावीकडचं अन्न ताटात राहिलं, डावा खांदा चौकटीला आपटला. हे सगळं आगीच्या आधी. तेव्हा धूर नव्हता, धसकाही नव्हता. त्या दिवशी डोकं स्वच्छ होतं असं यांनी सांगितलं, आणि सगळ्यांनी मानलं की नजरही स्वच्छ असणार."

"मान हलवली असती तर दिसला असता," बेन्स म्हणाला.

"हो. पण त्या लॅचीवरून नजर हलवत नव्हत्या. तो स्वतःशी बोलत नव्हता, सार्जंट. यांच्या डावीकडे तोंड करून तो कुणाशी तरी बोलत होता."

"कुणीतरी होतं, एवढंच ठरतं. ब्लेअरच होता हे कशावरून?"

"ब्लेअर, लॅची नेल्सनला जाणार हे तुला कुणी सांगितलं?"

ब्लेअरने बापाकडे पाहिलं. "मीच सांगितलं त्याला," ग्रॅम हौल्ट घाईने म्हणाला.

"आणि तुम्हाला? लॅचीला फोन आला तो त्याच सकाळी. त्याने ते एकाच माणसाला सांगितलं, शेडपासून फाटकापर्यंत चालताना. मावशीला नाही, पोलिसांना नाही."

वाऱ्याने कुठलंतरी पत्र्याचं दार आपटत होतं.

"बाबा, राहू द्या," ब्लेअर म्हणाला. तो पायरीवर खाली बसला. "मला वाटलं, विझली सिगारेट. वॉटी वर आहे, मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं माहीत." आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. बाप त्याच्यामागे उभा होता, हात त्याच्या खांद्याजवळ नेऊन, पण टेकवत नव्हता.

तोवर उनाला ठणका लागला होता. चेहरा राखेसारखा झाला, एक डोळा मिटला. नोलीन गोळी घेऊन धावली, पण आता उशीर झाला होता. उना आत जायला तयार होईना. सार्जंटने नवा जबाब लिहून घेईपर्यंत ती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली, मध्येच वाकून बादलीत ओकली, आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सांगू लागली. सही करताना कागदाची डावी बाजू कुठं संपते ते नोलीनने तिचं बोट धरून दाखवलं.

दुपारी बेन्सनेच लॅचीला आणून सोडलं. डेस निरोप घ्यायला आतल्या खोलीच्या दाराशी गेला, आणि तिथंच थांबला. पडदे ओढलेले होते. लॅची पलंगाशी जमिनीवर बसून फडकं पिळत होता.

"मी तुला खोटारडा ठरवलं," उना म्हणाली.

"तुला दिसलं ते तू सांगितलंस, मावशी."

"तेच तर." ती डोळे मिटूनच बोलत होती. "आता यापुढे काही दिसलं तर ते सांगावं की नाही, हेच मला कळायचं नाही."

लॅचीने फडकं तिच्या कपाळावर ठेवलं, आणि ते सरकू नये म्हणून वर हात धरून राहिला.

"सांग," तो म्हणाला. "फक्त आधी मला विचार."