सात जागांची गाडी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर तैवानात, आमच्या लुकांगला या. मासळीबाजारामागं कालवांच्या शिंपल्यांचा ढीग आहे, त्याच्याशेजारी ती गाडी अजून उभी आहे. खुशाल हात लावून बघा. मी सोबत येणार नाही.

सू-हुई माझी मावसबहीण. बाजारात कालवं विकते. तिचा नवरा मिंग-ते... त्याच्याबद्दल चांगलं बोलावं असं काही आठवत नाही, म्हणून पुढं जाते.

घरात माणसं तीन. हे दोघं आणि मिंग-तेची आई. म्हातारीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. गुडघे गेलेले, बोटांत जोर नाही. टॅक्सीत बेल्टसुद्धा सू-हुईच तिला लावून द्यायची. आणि घर गल्लीच्या अगदी आत. समोरून स्कूटर आली तर माणसानं भिंतीला चिकटावं, अशी ती गल्ली.

सू-हुईचं म्हणणं साधं होतं. छोटा निळा टेम्पो घ्यावा. पुढं दोन जागा, मागं टोपल्या. दारापर्यंत येतो. सकाळी आईंना दवाखान्यात सोडायचं आणि तसंच बाजारात जायचं.

मिंग-तेनं नाक मुरडलं. टेम्पो काय भाजीवाले चालवतात. छोट्या गाडीला तर तो डबडंच म्हणायचा. त्याच्या साहेबानं सात जागांची गाडी घेतली होती, म्हणून ह्यालाही तीच हवी. मूल ना बाळ, भावांशी बोलणं बंद, मित्र म्हणावा तर दारात कुत्रंही फिरकत नाही. आणि गाडी सात जागांची. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

त्यात आमच्या चांद्र पंचांगातला सातवा महिना लागला.

ह्या महिन्यात खालचं दार उघडतं आणि मेलेली, मोकाट मंडळी वर येतात. त्यांचं नाव आम्ही घेत नाही, 'भाऊमंडळी' म्हणतो. लग्नं थांबतात, कोणी घर बदलत नाही, गाडी तर कोणी घरी आणतच नाही. शोरूम ओस पडतात. म्हणून सवलत मिळते... आणि सवलत म्हटलं की मिंग-तेच्या तोंडाला पाणी सुटतं.

शोरूममधल्या लिएन नावाच्या पोरीनं सरळ विचारलं, "घरात माणसं किती?"

"तीन."

"मग छोटी बघा ना. आणि हीच हवी असेल तर आत्ता बुक करा, महिना संपला की न्या. सगळे तसंच करतात."

"तुझी गिऱ्हाइकं अडाणी असतील. मी नाही."

त्याच दुपारी गाडी आली. गल्लीत शिरेना. तोंडाशीच उभी करावी लागली.

म्हातारी काठी टेकत बघायला आली. गाडीभोवती एक फेरी मारली. काचेतून आत पाहिलं. मग म्हणाली, "ह्या महिन्यात इतक्या रिकाम्या जागा घेऊन फिरू नये रे. रस्त्यानं पायी चालणारे पुष्कळ असतात."

मिंग-ते हसला. "बसू दे की. भाडं घेईन."

हे तो मोठ्यानं म्हणाला. भर रस्त्यात.

दुसऱ्या दिवशी सू-हुई शेजारी बसली होती. गाडी समुद्राच्या रस्त्याला लागली आणि...

टिंग. टिंग. टिंग.

मागं बसलेल्या कोणीतरी बेल्ट लावलेला नाही, असं गाडी सांगत होती.

मागं कोणीच नव्हतं.

मिंग-तेनं शोरूमवाल्यांना शिव्या घातल्या. मेकॅनिकनं तपासलं. बिघाड काहीच नव्हता.

मग दोन जागांसाठी वाजू लागलं. मग तीन. गाडी मागून खाली बसली, गतिरोधकावर घासायला लागली. ओल्या कपड्यांचा वास येऊ लागला. सू-हुईनं सगळ्या सीटवरून हात फिरवला. सगळं कोरडं होतं.

एक दिवस आवाज आपोआप बंद झाला.

"बघ," मिंग-ते म्हणाला, "उगाच घाबरत होतीस."

सू-हुईनं मागं वळून पाहिलं...

पाचही जागांचे बेल्ट लागलेले होते.

त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. म्हातारीला टॅक्सीनंच नेत राहिली. दोघी खेडवळ आहेत, असं मिंग-ते ऑफिसात सांगत फिरला.

त्या शुक्रवारी दुपारी धो धो पाऊस होता. म्हातारीचा श्वास अडकायला लागला. सू-हुईनं अॅम्ब्युलन्ससाठी फोन उचलला, तो मिंग-तेनं काढून घेतला.

"गाडी आहे ना आपली. कशाला हवी अॅम्ब्युलन्स?"

आईला पाठुंगळी घेऊन तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. मागचं दार उघडलं. बेल्ट लागलेले. बटण दाबलं, निघेना. दुसरं दाबलं, निघेना. धावत पुढं आला...

पुढच्या जागेचाही बेल्ट लागलेला होता.

सू-हुईनं तोवर म्हातारीला खांद्याशी धरलं होतं. म्हातारी वाकली. एकेका जागेकडं नीट पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "माणसं बसलीत."

कोण बसलंय, दाखव मला, म्हणून मिंग-ते ओरडला. सगळे बेल्ट एकदम सैल झाले... आणि पुन्हा ताणले गेले. आत कोणीतरी श्वास घ्यावा तसे.

शेवटी शेजारचे आ-शुई काका त्यांचा निळा टेम्पो घेऊन आले. म्हातारी पुढं बसली. सू-हुई मागं टोपल्यांमध्ये, पावसात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. म्हातारी गेली.

सात जागांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि आईला बसायला जागा नव्हती. ह्याचा मला आजही संताप येतो. मिंग-ते अजून सेन्सरलाच दोष देतो. मात्र गाडीत पाय ठेवत नाही. ती कोणी विकतही घेतली नाही. शेवटी ओढून बाजारामागं नेऊन टाकली. रिकामीच उभी असते, पण चाकं बघा... भरल्या गाडीसारखी दबलेली आहेत.

सू-हुईनं निळा टेम्पो घेतला. जागा रिकामी राहू नये म्हणून शेजारी तांदळाचं पोतं ठेवते आणि त्याला बेल्ट लावते. सातव्या महिन्यात तर न चुकता.

परवा बाजारातून मी तिच्याबरोबर निघाले. म्हटलं, पोतं मांडीवर घेईन. दार उघडलं...

पोतं खाली पायाशी पडलं होतं.

बेल्ट मात्र लागलेला होता. घट्ट.

सू-हुईनं आत पाहिलं. घाबरली नाही. मला हळूच म्हणाली, "ताई, आज तू चालत जा." मग वर चढून बसली आणि शेजारी बघत म्हणाली, "आई, काच वर करू का?"

टेम्पो निघून गेला. मी चालत घरी आले.

त्या आईच असतील, असं मी मनाला सांगते. सांगितलं की बरं वाटतं.

पण म्हातारीला बेल्ट लावता येत नव्हता. तो सू-हुईच लावून द्यायची.