डबा रिकामा द्यायचा नाही

वरदाचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. भर आषाढात, सत्तावीस जुलैला, एडिनबरात. मुहूर्त भटजींनी काढला नव्हता, हॉलवाल्याने काढला होता. त्याच्याकडे तेवढा एकच शनिवार मोकळा होता. कमलाकरांनी कुरकुर केली नाही. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला ठाऊक असतं की वेळापत्रक दुसरंच कोणी लावतं. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्या, गेलेली बायको यमुना हे बघायला हवी होती असं एकदा मनात आलं, आणि मग ते खुर्चीत बसले ते जेवणं आटपेपर्यंत बसूनच राहिले.

सोमवारी सून कस्तुरी ट्रेनने रीडिंगला घरी परतली, तिला रजा नव्हती. कमलाकर, मुलगा पुष्कर आणि दहा वर्षांची नात तनू गाडी घेऊन वर उत्तरेला निघाले. मागे तंबू, गॅसची शेगडी, गळाची काठी, आणि कमलाकरांच्या हट्टाने घेतलेला तिखट-मिठाचा डबा. ट्राउट धरायचे, तिथेच तळायचे, श्रावण लागायच्या आत मासे खाऊन घ्यायचे. पुष्करने वर्षभर हेच घोकलं होतं. चार दिवस लॅपटॉप नाही, मीटिंग नाही.

त्याच्याकडे बघवत नव्हतं. वय चव्वेचाळीस, पण डोळ्यांखाली साठीची काळी वर्तुळं. रोज लंडनला जायचं, रात्री घरी येऊन पुन्हा कामाला बसायचं, पहाटे घोरायच्या आत गजर. सप्टेंबरात साताऱ्याला परतायच्या आधी पोराला एकदा पोटभर झोपलेलं बघायचं, एवढंच कमलाकरांच्या मनात होतं. स्वतःसाठी मागावं असं काही उरलं नव्हतं.

"चढ आलाय. गिअर उतरव," ते म्हणाले.

"बाबा, गाडी ऑटोमॅटिक आहे."

"मग तू बसून करतोस काय?"

तनू मागे खिदळली. पुष्करही हसला, पण हसता हसता त्याला जांभई आली.

रॅनॉकच्या माळाशी पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. तिथे उजेड दहा-दहा वाजेपर्यंत हटत नाही. चहुबाजूला तपकिरी दलदल, गुडघाभर नेचे, आणि मधे पाणी. पाणी मळ्यातल्या विहिरीसारखं काळं, पण ओंजळीत घेतलं की चहासारखं. पुष्करने दुकानातून आणलेला मासेमारीचा परवाना खिशात घातला आणि दोन तास गळ टाकला. एक मासा लागला नाही. लागले ते मिज. केसाच्या टोकाएवढे किडे, पण कानात, नाकात, भुवयांत शिरून चावतात. तिघेही स्वतःच्याच थोबाडीत मारत बसले होते.

त्या वेळी काठाने एक माणूस आला. म्हातारा, मेणकापडाचा हिरवा कोट घातलेला, छातीपर्यंत भिजलेला. पाऊस नव्हता. त्याच्या बाह्यांतून पाणी टपटप गळत होतं. त्याने तिघांकडे बोट करून एक, दोन, तीन असं मोजलं, आणि हातातला निळा पत्र्याचा डबा दगडावर ठेवला. झाकणाच्या एका कोपऱ्याला पोचा होता. आत ओल्या नेच्यात गुंडाळलेले तीन ट्राउट, साफ केलेले, अंगावर लाल ठिपके.

पुष्कर उठून इंग्रजीत आभार मानू लागला. माणूस मान हलवून आला तसा निघून गेला.

"आजोबा, तो माणूस एवढी ओला का होता?" तनूने विचारलं. तिचं मराठी इंग्लंडातलं.

"पाण्यात उभा राहून मासे धरत असेल."

हे बोलताना कमलाकरांना एक गोष्ट जाणवली. माणूस उभा होता तेवढा वेळ त्याच्या भोवती एकही मिज नव्हता. तो गेला आणि ते ढगासारखे पुन्हा खाली आले. कमलाकरांनी ते मनात ठेवलं. रात्रीच्या गाडीला घाटात पांढऱ्या साडीतल्या बाईने हात दाखवल्याच्या गोष्टी त्यांनी कंडक्टरांच्या तोंडून शेकड्याने ऐकल्या होत्या. स्वतःला तीस वर्षांत घाटात म्हशींखेरीज काही दिसलं नव्हतं.

मासे गोड लागले. जेवण झाल्यावर कमलाकरांनी डबा घासला, पुसला, आणि वरदाच्या रुखवतातले उरलेले तीन बेसनाचे लाडू त्यात ठेवले.

"बाबा, इथे हे असलं नसतं," पुष्कर म्हणाला. "थँक यू म्हटलं की संपलं."

"शेजारचं भांडं रिकामं परत करतात होय? तुझी आई चिमूटभर साखर तरी घालायचीच."

"हा शेजारी आहे?"

"त्याच्या दारात तंबू ठोकलाय आपण. शेजारीच की."

डबा त्यांनी दगडावर ठेवला. सकाळी तो नव्हता.

मंगळवारी इन्व्हरनेस ओलांडून ते वायव्येला गेले. रस्ता एकाच गाडीपुरता, समोरून कोणी आलं की कडेला थांबायचं. शंभर मैलांवर एका दुसऱ्याच पाण्याकाठी त्यांनी मुक्काम केला. पुष्करला त्या संध्याकाळीही काही लागलं नाही. बुधवारी सकाळी कमलाकर तंबूबाहेर आले तर समोरच्या दगडावर निळा डबा. कोपऱ्याला तोच पोचा. आत तीन ट्राउट, कल्ले अजून लाल.

"त्याची पण गाडी असेल," पुष्कर डोळे चोळत म्हणाला. "फिरत असेल आपल्यासारखाच."

आदल्या दिवशी मागे एकही गाडी नव्हती. कमलाकर हे शपथेवर सांगू शकले असते. आरशात बघूनच त्यांनी संसार केला होता.

"टाकून द्या तो डबा, बाबा. मला नाही बरं वाटत."

"दुसऱ्याचं भांडं टाकून द्यायचं?"

लाडू संपले होते. मासे तळून झाल्यावर त्यांनी घासलेल्या डब्यात मूठभर साखर घातली. ती तळाला इतकीशी दिसली की त्यांनाच लाज वाटली. डबा दगडावर ठेवून, तंबू गुंडाळून तिघे निघाले. दहाएक मैल गेल्यावर आरशात तनूचे केस मोकळे दिसले.

"तुझी पिवळी क्लिप कुठे गेली गं?"

"डब्यात ठेवली. साखर एवढीशीच होती ना, आजोबा. आणि तुम्ही म्हणता, डबा रिकामी द्यायची नाही."

"शहाणी माझी," ते म्हणाले, पण पुढे सगळा वेळ ते आरशात मागचा रस्ता बघत राहिले. त्यांनी पुष्करला गाडी वळवायला सांगितली नाही. क्लिपसाठी दहा मैल मागे जायचं कसं सांगणार? आधीच पोरगा एका हाताने गाडी धरत होता आणि दुसऱ्याने डोळे चोळत होता.

बुधवारचा मुक्काम डोंगराच्या कुशीत होता. पाणी लहान, गोल, वारा असून त्यावर लाट नाही. तनू जेवली नाही. थंडी वाजते म्हणाली आणि लवकर निजली.

गुरुवारी साडेपाचला लख्ख उजाडलं होतं. कमलाकर उठले. तंबूच्या दाराशी निळा डबा. त्यांनी झाकण उघडलं.

आत दोन मासे होते.

त्यांनी नेचे उचलून पाहिले. खाली काही नव्हतं. साखर नाही, क्लिप नाही. दोनच मासे.

ते आत वळले आणि तनूच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. केस ओले होते, न्हाणीतून आत्ता बाहेर आल्यासारखे. उशी कोरडी. तंबू कोरडा. शेजारी पुष्कर तोंड उघडं टाकून झोपला होता.

"आजोबा," तनू डोळे न उघडता म्हणाली, "पाणी खूप खोल आहे."

त्यांनी डबा उचलला आणि ते काठाकडे गेले.

म्हातारा पाण्यात छातीपर्यंत उभा होता. त्याच्या भोवती पाणी हलत नव्हतं. कमलाकर गुडघ्यापर्यंत आत गेले. पाणी इतकं थंड की पाय आपले राहिले नाहीत.

"लेकराची वस्तू परत दे," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने मूठ उघडली. तळव्यावर पिवळी क्लिप होती.

"तिने दिली," तो म्हणाला.

"तिला कळत नाही. माझ्याकडून घे."

म्हातारा डब्याकडे पाहत राहिला. त्यातले मासे कमलाकरांनी पाण्यात सोडले. आता डबा रिकामा होता. अंगावर सदरा, पायजमा आणि मनगटावर घड्याळ, बाकी काही नव्हतं. पुष्करने पुण्यात पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ. एकोणीस वर्षांत त्यांनी ते अंघोळीखेरीज उतरवलं नव्हतं. त्यांच्याकडे त्याहून जिवाजवळचं काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते काढून डब्यात ठेवलं.

म्हाताऱ्याने ते उचललं. उलटं केलं. मागच्या कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"नाव कुणाचं?"

"मुलाचं. पुष्कर. त्यानेच दिलं," कमलाकर म्हणाले. एवढ्या थंडीतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला.

म्हाताऱ्याने मान हलवली. क्लिप त्यांच्या हातावर ठेवली, डबा घेतला.

ते काठावर आले, वळून पाहिलं, तर नुसतं पाणी. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला इंग्रजीचे चाळीस शब्द येतात आणि त्यातला एकही आपण वापरला नाही.

तनू उठली ती भूक लागली म्हणत. केस वाळले होते.

त्या संध्याकाळी ते खाली एका नदीकाठी थांबले. पुष्करला पहिला ट्राउट लागला. तो पोरासारखा ओरडला, तनू नाचली, आणि त्याने तो मासा दोन्ही हातांत धरून पुन्हा पाण्यात सोडून दिला. रात्री तो नऊ तास झोपला. कमलाकर सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्या पायाशी बसून राहिले, उठवलं नाही. दगडावर डबा नव्हता. आता मला कधीही ने, असं त्यांनी मनातल्या मनात कुणाला तरी सांगून टाकलं.

शुक्रवारी रात्री उशिरा ते रीडिंगला पोचले. सोमवारी श्रावण लागला आणि पुष्करची ऑफिसची धावपळही.

गुरुवारी सकाळी पावणेसातला तो बूट घालत होता.

"बाबा, तुमचं घड्याळ?"

"तिकडे पाण्यात पडलं."

"आणि आठवडाभर बोलला नाहीत! शनिवारी नवीन घेऊ. पण तुम्ही ते जुनंच हवं म्हणून रुसणार."

"रुसतोय कशाला. जा, गाडी चुकेल."

तो गेला. कस्तुरी वरच्या खोलीत कामाला बसली होती, तनू झोपली होती. सव्वासातला कमलाकर कचऱ्याची रिकामी पिंपं आत घ्यायला दार उघडून बाहेर आले.

पायरीवर निळा डबा होता.

त्यांनी बसून झाकण उघडलं. ओले नेचे, लाल ठिपके. त्यांनी मोजले. पुन्हा मोजले. घरात माणसं चार. मासे तीन.

त्यांना भीती वाटली नाही. त्यांनी डबा मोरीजवळ ठेवला, अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. झोपलेल्या तनूच्या केसांवरून हात फिरवला. यमुनाच्या फोटोसमोर उदबत्ती लावली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाट बघू लागले. बाहेर स्वच्छ ऊन होतं. आठवडाभर पाऊस नव्हता. छातीत काही दुखत नव्हतं. श्वासही नेहमीसारखाच चालला होता.

आठ वाजले. साडेआठ वाजले.

पावणेनऊला वर कस्तुरीचा फोन वाजला. कमलाकर खुर्चीतून अर्धे उठले, आणि तसेच राहिले.

हॉस्पिटलातल्या नर्सने पुष्करचे कपडे एका पिशवीत घालून दिले. हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही, असं ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, ते येताना कुठे पाण्यात पडले होते का? शर्ट छातीपर्यंत भिजलेला होता.

पुष्कर गेला तो गुरुवार, आठ ऑगस्ट दोन हजार चोवीस, सकाळी सव्वासात वाजता, रीडिंग स्टेशनच्या फलाटावर, गाडीची वाट बघताना.