सोमवारी उघडतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी या भिंतीबद्दल मी कुणाशी बोलत नाही. खुर्ची चुलीजवळ ओढून घ्या, बाहेर वारा सुटलाय.

त्या शनिवारी मी बेटावरच्या बाजारगावी, स्टोर्नोवेला गेलो होतो, दाराच्या बिजागऱ्या आणि आईसाठी खारवलेले हेरिंग मासे आणायला. आई वृद्धाश्रमातून घरी आली त्याला जेमतेम आठवडा झाला होता. घरी म्हणजे इथे, ती जन्मली त्या घरात. तिच्या लहानपणीच सगळे हे सोडून रस्त्याकडेच्या नव्या घरात गेले. मग छप्पर बसलं, आत मेंढ्या शिरू लागल्या. "डोळे मिटायचे तर तिथेच," असं टुमणं आईने लावलं, तेव्हा मी आणि बहीण डोलीनाने हा पडका सांगाडा उभा करायला घेतला. दगड तेच ठेवले, बाकी सगळं नवं. समुद्राकडे मोठी काच, फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या. भिंतीतल्या चुलीच्या धुराड्यातून सगळी ऊब निघून गेली असती, म्हणून ती चूल मी स्वतः घासून धुतली, फळ्या ठोकून बंद केली आणि वर गिलावा केला. इतकं गुळगुळीत काम, की मीच माझी पाठ थोपटून घेतली.

परतलो तेव्हा दुपार पुरती सरली नव्हती, तरी काळोख पडला होता. आमचा डिसेंबर तसाच. आई त्या गिलाव्यापाशी खुर्ची लावून, भिंतीला दोन्ही तळवे टेकवून बसली होती.

"मर्डो, इथला विस्तव कुठे गेला?"

"विस्तव कशाला, आई? फरशीला हात लावून बघ. सगळं घर गरम आहे."

"घर असेल रे. मार्सली गारठलीय."

मार्सली म्हणजे आईची धाकटी बहीण. याच चुलीपुढे तापाने गेली ती, आई तेव्हा शाळकरी पोर. रात्री विस्तव झाकायचं काम आईकडे असे. निजायच्या आधी निखाऱ्यांचे तीन वाटे करायचे, वर राख सारवायची, देवाचं नाव घ्यायचं. सकाळी फुंकर मारली की त्याच निखाऱ्यावर पीट पेटायचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं आमचं सरपण. असा तो विस्तव कित्येक पिढ्या विझला नव्हता. घर सोडलं त्या दिवशी आजोबांनी त्यावर बादली ओतली. "मार्सलीला मागे ठेवलं, तेही अंधारात," असं आई जन्मभर म्हणत आली.

"राहू दे गं आई," डोलीना स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझ्या लेकाने जीव काढून गिलावा केलाय. भिंत फोड म्हणालीस तर इथेच भोकाड पसरेल."

आई हसली नाही. "कान लाव," ती हळूच म्हणाली.

तिचं मन राखायला मी कान लावला. आत... कुणीतरी राख चाचपत होतं. हळू, थांबत थांबत... लहान नखांनी. आणि पीटच्या धुराचा वास आला. घरात पीटचा तुकडाही नव्हता.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"उघड रे बाळा. तिला विस्तव सापडत नाहीये..."

हातोडा गाडीत होता, पण मी विचार केला, आता फोडायला घेतलं तर फळ्या काढून धुराडं मोकळं करेपर्यंत मध्यरात्र उलटणार आणि रविवार लागणार. आमच्या लुइस बेटावर रविवारी दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत, स्वयंपाक शनिवारीच उरकून ठेवतात. हातोड्याचा आवाज झाला तर सगळं गाव तोंडात शेण घालेल. आणि हे सगळं मला आईनेच शिकवलेलं.

"सोमवारी उघडतो, आई. पहिलं काम तेच."

तिने मान हलवली. नियमाची पक्की होती ती. "खरंय, रविवारी हातोडा नको," ती म्हणाली. मग भिंतीकडे वळून पुटपुटली, "पण रविवार फार मोठा असतो गं... थांब, मीच बघते काहीतरी."

रविवारी दिवसभर ती जागची हलली नाही. संध्याकाळी मी चर्चमधून आलो तेव्हा डोलीना तिच्यासाठी चहा गाळत होती. मी आईच्या खांद्याला हात लावला. अंग गार पडलं होतं. भिंतीवरचे तळवे मात्र गरम होते, आणि नखांत राख होती. गिलाव्यावर एक चरासुद्धा नव्हता.

सोमवारी, आई शेजारच्या खोलीत निजवलेली असताना, मी भिंत फोडली. डोलीनानेच दिवा धरला. मी धुऊन कोरडी केलेली ती चूल राखेने भरली होती. राखेचे तीन वाटे केलेले, वरून सारवलेले. बोटाने उकरलं तर खाली लाल निखारा होता. राखेवर दोन पंजे उमटलेले होते. एक लहान मुलाचा. दुसऱ्याची करंगळी वाकडी होती, आईची हातमागात सापडून वाकली होती तशीच.

मी तिथेच बसून ढसाढसा रडलो. एका दिवसाने चुकलो हो. आईला फक्त एक भिंत उघडून हवी होती, आणि मी तिला वार सांगत बसलो.

तेव्हापासून हा विस्तव मी विझू दिलेला नाही. रोज रात्री झाकतो. रविवारी मात्र चुलीला हात लावत नाही, लावावा लागत नाही. सोमवारी सकाळी राख सारवलेली असते आणि ते दोन पंजे असतात. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

फक्त गेल्या सोमवारी त्यांच्या शेजारी तिसरा पंजा होता. मोठा, पुरुषी. मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला. बोटन् बोट जुळलं... आणि राख अजून गरम होती.

डोलीनाला हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. आज शनिवार आहे.